तारा आणि अ‍ॅलिस

खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर उभे राहिले की समोर एक सुळका दिसतो. गावकरी त्याला नागफणी म्हणतात. इंग्रजांनी त्याचे नाव ठेवले 'ड्यूक्स नोज'. ड्यूक म्हणजे आर्थर वेलस्ली, वेलिंग्टनचा ड्यूक. त्याचे नाक लांब आणि बाकदार होते, आणि कड्याची कडा त्या नाकासारखी आहे असे कुणा साहेबाला वाटले. कड्याला आधीपासून एक नाव आहे, ही गोष्ट त्या साहेबाला अडचणीची वाटली नसावी.

गेल्या पावसाळ्यात तिथेच असताना इंग्लंडहून भाचीचा फोन आला. तिच्या शेजारी राहणाऱ्या इंग्रज जोडप्याला मुलगी झाली होती. दोघांचाही हिंदुस्थानाशी काही संबंध नाही. त्यांना नुसते 'तारा' हे नाव आवडले होते. पण मुलीच्या आजीला ते परके वाटत होते, आणि आईच्याही मनात एक वेगळीच शंका होती. "मावशी, ती मला विचारत होती, आम्ही तुमच्यातलं नाव घेतलं तर तुम्हाला राग येईल का? तिकडे बेचाळीस दिवसांत नोंद करावी लागते. तुझ्या इतिहासात कुणा इंग्रजाने मुलीचं नाव आपल्यातलं ठेवलेलं आहे का गं?"

मी "बघते" म्हणाले. नागफणी धुक्यात गेली होती. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. दीडशे वर्षे हे लोक या घाटातून चढले-उतरले. त्यांची मुले इथे जन्मली, इथल्या बायकांच्या कडेवर वाढली. त्यांपैकी कुणाला आपल्या लेकीचे नाव गंगा किंवा तारा ठेवावेसे वाटले नाही?

सुरुवात खंडाळ्यापासूनच करावी लागली. सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, भोर घाटातून गाडीरस्ता झाला. १८५६ मध्ये रेल्वेचे काम सुरू झाले आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. सुमारे १६ मैलांत १८३१ फुटांची चढण आणि २५ बोगदे. या कामाचा ठेका पहिल्या ठेकेदाराकडून सॉलोमन ट्रेडवेल याच्याकडे आला. तो १८५९ मध्ये हिंदुस्थानात उतरला आणि काही आठवड्यांतच वारला. ठेका पुढे चालवला त्याच्या विधवेने. व्यवस्थापक नेमून तिने काम तडीस नेले. तिचे नाव अ‍ॅलिस. घाटाच्या कामाचे जे जुने फोटो आज पाहायला मिळतात, त्यांच्याशीही तिचे नाव जोडले जाते. रोज बोगद्यात शिरताना डब्यातले दिवे लागतात तेव्हा तिची आठवण काढणारा प्रवासी मी अजून पाहिलेला नाही. घाटातल्या शिंगरोबाला मात्र लोक अजून हात जोडतात. साहेबांना वाट दाखवून त्यांच्याच गोळीला बळी पडला, अशी ज्याची आख्यायिका सांगतात तो हा धनगर.

अ‍ॅलिस हे नाव ध्यानात ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

कंपनीच्या काळापासून मुंबई इलाख्यातल्या युरोपियनांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने यांच्या नोंदींची नक्कल लंडनला पाठवली जाई. ही कागदपत्रे आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबईच्या मालिकेला एन/३ हा क्रमांक आहे. मुलाचे नाव, बापाचे नाव, हुद्दा, ठाणे. ठाण्यांची नावे सगळी आपली, पुणे, खडकी, अहमदनगर. आणि मुलींची नावे मेरी, एलिझाबेथ, शार्लट, एमिली. अपवाद कुठे असतीलही, पण नोंदींचा एकूण सूर हाच. जुन्या नोंदींत काही ठिकाणी आईच्या जागी नाव नसतेच. ती 'नेटिव्ह बाई' एवढ्यावर संपते.

या बिननावाच्या आयांपासूनच गोष्ट खरी सुरू होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांच्या दरबारी कंपनीचा वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याच्या घरात अंबर कौर नावाची स्त्री होती. तिचे चित्र जेम्स वेल्स या चित्रकाराने काढले आहे. मुलांना नावे इंग्रजी मिळाली. मॅलेटनंतर १७९८ मध्ये पुण्याला आला जनरल विल्यम पामर. त्याची सहचारिणी फैज बख्श. या दोघांचे मुलाबाळांसह एक चित्र जोहान झोफनीने काढले, तेही प्रसिद्ध आहे. त्यात ती जमिनीवर बसली आहे, अंगावर दागिने, मांडीवर तान्हे मूल. एका मुलाचे नाव हेस्टिंग्ज, कारण पामर वॉरन हेस्टिंग्जच्या पदरी होता. आईच्या बाजूचे एकही नाव त्या मुलांना वरकरणी चिकटलेले दिसत नाही.

पामरचा मित्र जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक हैदराबादला रेसिडेंट होता. पुणे आणि हैदराबाद यांच्यामध्ये या दोघांची पत्रे जात-येत. कर्कपॅट्रिकने खैरुन्निसाशी निकाह केला. १८०२ मध्ये मुलगी झाली. तिचे नाव नूरुन्निसा, घरात साहिब बेगम. एका इंग्रजाच्या मुलीचे हे खरेखुरे परके नाव आणि बापाला ते मान्य होते. ते टिकले तीन वर्षे. १८०५ मध्ये तिला आणि तिच्या भावाला जहाजावर बसवून इंग्लंडला आजोबांकडे पाठवले. त्याच वर्षी बाप कलकत्त्यात वारला, आणि १८०६ च्या मार्चमध्ये लंडनच्या मेरिलबोन चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. नाव मिळाले कॅथरिन ऑरोरा. आईची आणि तिची पुन्हा भेट झाली नाही. खैरुन्निसा १८१३ मध्ये गेली.

या नावापाशी मी बराच वेळ थांबले. ऑरोरा ही रोमन लोकांची उषादेवी. म्हणजे इंग्रजीच्या कानाला तेही परकेच, शिवाय ख्रिस्ती धर्माच्या बाहेरचे. एक परके नाव काढून दुसरे परके नाव ठेवले. रोमची देवी चालली, हैदराबादची बेगम चालली नाही.

यामागे नुसता अहंकार होता असे म्हणून मोकळे होता येत नाही. १७९१ मध्ये कंपनीने ठरवले की ज्याची आई किंवा बाप हिंदुस्थानी आहे, त्याला कंपनीच्या मुलकी, लष्करी किंवा आरमारी नोकरीत अधिकारी म्हणून घ्यायचे नाही. मुलाचे नाव ही त्याच्या भाकरीची गोष्ट झाली. मुलीच्या बाबतीत लग्नाची. कर्कपॅट्रिक आपल्या मुलांवर जीव टाकणारा माणूस होता. त्यांना पाठवताना त्याची अवस्था काय झाली ते त्याच्या पत्रांतून कळते. त्याने पाठवले, कारण इथे राहिली तर त्यांना पुढे रस्ता नाही हे त्याला दिसत होते.

कॅथरिन पुढे किटी कर्कपॅट्रिक म्हणून ओळखली गेली. तरुण टॉमस कार्लाइल तिच्यावर भाळला, आणि त्याच्या 'सार्टर रिसार्टस'मधली ब्लूमिने तिच्यावरून घडली असे मानतात. तिने कॅप्टन फिलिप्सशी लग्न केले. चाळिशीच्या सुमारास हैदराबादच्या आजीशी, शरफुन्निसाशी, तिचा पत्रव्यवहार सुरू झाला. आजी फारसीत लिहिणार, नात इंग्रजीत. मध्ये भाषांतर करणारे साहेब. आजीच्या मनात या नातीचे नाव कॅथरिन असेल असे मला वाटत नाही.

आता इथे आपल्यालाही थोडे थांबायला हवे. साहिब बेगमची कॅथरिन झाली म्हणून हळहळताना मला आपल्या दोन यमुना आठवतात. १८६५ मध्ये जन्मलेली यमुना जोशी लग्नानंतर आनंदीबाई झाली आणि त्याच नावाने डॉक्टर झाली. कुर्लेकरांची यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी येऊन रमाबाई झाली. बाराव्या दिवशी आत्याने कानात सांगितलेले नाव आठ-नऊ वर्षांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने पुसायचे, ही रीत आपली. माझ्या आजीचे माहेरचे नाव मला ती गेल्यावर कळले. तेव्हा मुलीचे नाव ही तिची स्वतःची वस्तू नव्हती, ही गोष्ट लंडनइतकीच पुण्यातही खरी होती.

मग इंग्रज मुलींना परकी नावे ठेवतच नव्हते का? ठेवत होते की! १८१९ मध्ये नाइटिंगेल दांपत्याला नेपल्समध्ये मुलगी झाली. त्यांनी त्या शहराचे जुने ग्रीक नाव, पार्थेनोपी, तिला दिले. पुढच्या वर्षी दुसरी मुलगी फ्लोरेन्सला झाली, तिला शहराचेच नाव दिले. त्या काळी इंग्लंडात मुलीला फ्लोरेन्स म्हणणे विचित्र होते. आयर्लंडात तर ते पुरुषाचे नाव होते. कोणी मुलीला 'सातारा' म्हणावे तसे काहीसे. क्रिमियाच्या युद्धानंतर मात्र घरोघर फ्लोरेन्स जन्माला येऊ लागल्या आणि पन्नास वर्षांत ते अस्सल इंग्रजी आजीबाईंचे नाव झाले. पार्थेनोपी तिथेच राहिली. बहीण तीच, प्रवास तोच, हौस तीच. एक नाव एका बाईच्या कामाने घरचे झाले. या फ्लोरेन्सने हिंदुस्थानातल्या लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या राजआयोगासाठी ठाण्याठाण्यांतली माहिती तपासली. आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये आला, खंडाळ्याच्या घाटातून गाडी सुरू झाली त्याच वर्षी. ती स्वतः इथे कधी आली नाही.

पूर्वेकडची नावेही इंग्रजांच्या घरात शिरली होती. बायरनने १८१३ मध्ये 'द जावर' लिहिले आणि त्यातली लैला इंग्रज पाळण्यांत पोचली. १८१७ मध्ये टॉमस मूरचे 'लल्ला रुख' आले. औरंगजेबाची कल्पित मुलगी त्याची नायिका. या काव्यासाठी प्रकाशकाने मूरला ३००० गिनी दिल्या, आणि मूरने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. लैला चालली, लल्लाही चालली. ती पुस्तकातून आली होती. तिच्या अंगाला खोबरेल तेलाचा वास नव्हता.

मला वाटते, खरा मुद्दा इथे आहे. नाव किती परके, हा प्रश्नच नव्हता. ते किती जवळून आले, हा होता. इटलीहून आलेले, ग्रीक पुराणातून आलेले, कवितेतून आलेले नाव शोभेचे. व्हरांड्यात भाजी निवडणाऱ्या बाईचे नाव धोक्याचे, कारण ते मुलाला खरोखरच चिकटण्याची भीती होती.

आणि ती भीती अगदीच खोटी नव्हती. इंग्रज मुलांचा सगळा दिवस आयेबरोबर जाई. रडियर्ड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मला. त्याची आया पोर्तुगीज वळणाची कॅथलिक बाई होती. त्याने आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे की जेवणाच्या खोलीत आईवडिलांपुढे जाताना नोकर त्यांना आता इंग्रजीत बोला म्हणून बजावत, आणि मुले ज्या भाषेत विचार करत तिच्यातून अडखळत भाषांतर करून बोलत. त्याचे स्वतःचे नावही गमतीचे. आईवडील स्टॅफर्डशरमधल्या रडियर्ड तलावाकाठी भेटले, म्हणून मुलाला तलावाचे नाव दिले. मुंबईत जन्मलेल्या मुलाला इंग्लंडातल्या पाण्याचे नाव! धाकट्या बहिणीला आईचेच नाव मिळाले. ते पुन्हा अ‍ॅलिस, घरात ट्रिक्स. १८७१ मध्ये दोघांना इंग्लंडात अनोळखी घरी ठेवण्यात आले. ट्रिक्स तेव्हा तीन वर्षांची होती. साहिब बेगमही तीनच वर्षांची होती. ट्रिक्सचे नाव बदलावे लागले नाही, कारण ते आधीपासूनच सुरक्षित होते. जिभेवरची भाषा तेवढी बदलायची होती.

या मुलींना घरात आणखी एक नाव असे. नोकरमाणसे प्रत्येक साहेबाच्या मुलीला 'मिस्सीबाबा' म्हणत. मुलगी असून बाबा! चर्चच्या वहीत अ‍ॅलिस किंवा एमिली आणि दिवसभर कानावर मिस्सीबाबा. या नावाची नोंद अर्थातच कुणी लंडनला पाठवली नाही. याची उलट बाजू महाराष्ट्रात घडली. साहेबाच्या बंगल्यातला 'बेबी' हा शब्द आपल्या गावोगाव मुलींचे खरे नाव झाला. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिले तेव्हा त्या नावात कुणाला काही परके वाटले नाही. आपण नाव घेताना कुणाला विचारले नव्हते आणि ते घेऊन आपले काही बिघडलेही नाही.

जी गोष्ट भाचीला सांगण्यासाठी मी मुख्यतः जपून ठेवली, ती कर्नल फिलिप मेडोज टेलरची. हा निजामाच्या चाकरीतला माणूस. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'मुळे नावाजलेला. सुरापूरच्या बालराजाचा तो पालक होता आणि तो राजा त्याला 'अप्पा' म्हणे. पुढे नळदुर्गला राहून त्याने त्या जिल्ह्याचा कारभार पाहिला. तुळजापूर त्याच्याच हद्दीत. तिथल्या भवानीच्या देवळाने त्याच्या मनाचा ताबा घेतला असावा, कारण त्यातून १८६३ मध्ये, पुन्हा तेच वर्ष, तीन भागांची कादंबरी निघाली. तिचे नाव 'तारा: अ महरट्टा टेल'. काळ शिवाजी आणि अफझलखान यांचा, नायिका तुळजापूरच्या ब्राह्मण शास्त्र्याची बालविधवा मुलगी तारा. इंग्रजी वाचकांपुढे हे नाव ठेवणारा तो, आणि ठेवले तेही मोठ्या प्रेमाने. कादंबरी भाबडी आहे, लांबण फार. पण ताराबद्दलची त्याची माया पानापानांवर दिसते.

टेलरची बायको मेरी. ती हैदराबादचा सावकार विल्यम पामर याची मुलगी. म्हणजे पुण्याचा जनरल पामर आणि फैज बख्श यांची नात. झोफनीच्या चित्रात जमिनीवर बसलेल्या त्या बाईचे रक्त टेलरच्या घरात होते. तो स्वतः लोकांचा अप्पा होता. मराठी मुलखाची त्याला जितकी माहिती होती तितकी फार थोड्या इंग्रजांना असेल. तारा हे नाव त्याच्याइतके कुणाच्याच ओठांवर नसेल. त्याच्या मुलीचे नाव अ‍ॅलिस.

मी त्याला दोष देत नाही. मुलगी आधीची, कादंबरी नंतरची. आणि ज्या घरात आजीसासूचे नाव फैज बख्श आहे, त्या घराला मुलीचे नाव अ‍ॅलिस ठेवण्याची गरज इतरांपेक्षा जास्तच असणार. ज्याच्या घरात काही लपवण्यासारखे नाही तोच परक्या नावाची चैन करू शकतो. नाइटिंगेल दांपत्य करू शकले. टेलर वारला १८७६ मध्ये. पुढच्या वर्षी त्याचे आत्मचरित्र निघाले ते अ‍ॅलिसनेच संपादित केले होते. मुखपृष्ठावर मात्र 'कन्येने संपादित केलेले' एवढेच छापले आहे. बापाचे नाव आहे, कन्येचे नाही.

इंग्रज इथून गेल्यावर गोष्ट पालटली. शेवटच्या व्हाइसरॉयची धाकटी मुलगी पामेला १९४७ मध्ये दिल्लीत होती. १९६७ मध्ये तिला मुलगी झाली तिचे नाव तिने ठेवले इंडिया. हीच इंडिया हिक्स पुढे १९८१ मध्ये राजपुत्र चार्ल्सच्या लग्नात करवली होती. देश हातून गेल्यावरच त्याचे नाव पाळण्यात ठेवता आले. आता तर इंग्लंडच्या मुलींच्या नावांत माया हे नाव चांगले रुळले आहे. ते सगळे आपल्याकडून गेलेले नाही, इतर वाटांनीही ते तिथे आले आहे. आपली तिकडची मंडळीही नेमकी अशीच दोन्हीकडे चालणारी नावे शोधत असतात, माया, मीरा, तारा, लीला. शाळेत उच्चारायला सोपे आणि आजीला फोनवर ऐकायला गोड. 'ज्ञानेश्वरी' किंवा 'वृषाली' ठेवायला मात्र धीर लागतो.

आणि तारा? हे नाव इंग्लंडात रुळले ते टेलरच्या कादंबरीमुळे नव्हे. आयर्लंडात तारा नावाची टेकडी आहे, जुन्या राजांचे ठिकाण. 'गॉन विथ द विंड'मधल्या ओहारांच्या मळ्याचे नाव तिच्यावरूनच आले. तुळजापूरची तारा तीन भागांत बंद होऊन राहिली.

हे सारे मी भाचीला दोन-तीन फोनांत सांगितले. राग येईल का, या प्रश्नाचे उत्तर तिने परस्परच देऊन टाकले होते. फैज बख्शची गोष्ट ऐकून मात्र तिची शेजारीण बराच वेळ काही बोलली नाही, असे ती म्हणाली. एकेचाळिसाव्या दिवशी त्यांनी तारा हेच नाव नोंदवले. आजीला कुणीतरी टेकडीचे सांगितले होते. तिची आई आयर्लंडातली निघाली. ती आता येईल-जाईल त्याला सांगते, नाव आमच्याकडचे आहे. भाची काही बोलत नाही. ती बाळाला मराठीत हाक मारते, 'तारू' म्हणून.